मिनिटाला दीड लिटर

पावसाळा सरला की थळच्या किनाऱ्यावरच्या घरांच्या काचा पहाटे ओलसर दिसतात आणि दुपारी पांढुरक्या. दोन्ही वेळा काचेवर मीठच असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. लाट फुटते, बारीक तुषार वाऱ्यावर चढतात आणि पश्चिमेला तोंड असलेल्या प्रत्येक तावदानावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. ऊन चढलं, हवा कोरडी झाली, की त्याचे पुन्हा कण होतात. समोर खांदेरीवर १८६७ साली बांधलेलं दीपगृह आहे. त्याच्या काचांवरही हाच वारा हेच मीठ नेऊन ठेवतो.

म्हणून काच धुणारी जोडी सकाळीच येते आणि समुद्राकडची बाजू आधी धरते. मीठ तेव्हा अर्धं सुटलेलं असतं, काच गार असते, आणि मारलेलं पाणी काम होण्याआधीच वाळून जात नाही. हा साधा क्रम पाळला तर निम्मी मेहनत वाचते, हे मला त्यांच्यामागे फिरताना कळलं.

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि मुंबईहून गाडीसकट येणं सोपं झालं. आवास, किहीम, थळ या पट्ट्यात सुट्टीपुरती उघडणारी घरं आहेत. दुमजली, समोरून सगळी काच. खाली कुठे वाळू, कुठे हिरवळ. अशा जमिनीवर शिडी नीट टेकत नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम कडक झाले आणि तिथले काच धुणारे मोठ्या संख्येने शिडी सोडून जमिनीवरून चालवायच्या लांब दांड्याकडे वळले. तीच अवजारं इथे ट्रॉलीवर दिसतात: २५ लिटरची टाकी, १२ व्होल्टची बॅटरी, छोटा डायफ्रॅम पंप, बारीक नळी, कार्बन फायबरचा एकात एक सरकणारा दांडा, आणि टोकाला ब्रश. ब्रशच्या केसांमधून दोन बारीक धारा काचेवर पडतात. वायपर नाही, फडकं नाही. पाणी काचेवरच वाळू द्यायचं.

ते डाग न ठेवता वाळायचं तर पाण्यात काहीच असता कामा नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. तब्येतीला ठीक, पण असं एक लिटर पाणी काचेवर वाळलं तर अर्धा ग्रॅम पांढरी भुकटी मागे उरते. म्हणून पाणी रेझिनच्या डब्यातून गाळून आणतात. रेझिनचे मणी पाण्यातले क्षार धरून ठेवतात आणि बदल्यात जे सोडतात त्याचं पाणीच होतं. थळच्या खत कारखान्यात बॉयलरना लागणारं पाणीही क्षार काढूनच द्यावं लागतं; तत्त्व हेच. पण रेझिन संपतं. पाण्यात क्षार दुप्पट, तर तेवढ्याच मण्यांतून निम्मंच पाणी शुद्ध निघतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी डब्यात घातलं तर रेझिनचा खर्च मजुरीला गाठतो. टाकीतला प्रत्येक लिटर असा विकत घेतलेला असतो, शिवाय उचलून आणलेला. पाणी किती सोडायचं हा प्रश्न इथून सुरू होतो.

माझी समजूत होती की पाणी कमी करायचं तर कॉक अर्धा बंद करायचा. घरच्या नळाला ते चालतं, या पंपाला नाही. पंपात दाबाचा स्विच असतो. नळीतला दाब सुमारे ७ बारला पोहोचला की तो पंप बंद करतो, दाब उतरला की पुन्हा चालू. कॉक अर्धवट आवळला की पंप ढकलतो जास्त आणि वाट असते कमी. दाब चढतो, पंप थांबतो, लगेच उतरतो, पंप सुरू होतो. मग सेकंदा-सेकंदाला तडतड ऐकू येते, धार हबकत येते, आणि स्विच आतून झिजत जातो. बॅटरीचंही त्यात भलं नाही.

त्यासाठी ट्रॉलीवर आकडा दाखवणारी छोटी डबी असते. ती पाण्याला अडवतच नाही. ती पंपाच्या मोटरला मिळणारी वीज सेकंदात कितीतरी वेळा जोडते-तोडते, आणि मोटर हवी तेवढी सावकाश फिरते. पाणी निघतंच मुळात कमी, त्यामुळे अडवायची गरज उरत नाही. हे पाहिल्यावर सगळी रचना मला फार आवडली. कॉक फक्त पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. मधली सगळी कामं मोटरच्या वेगाने करायची.

पण कॉक पूर्ण बंद केला हे डबीला कळणार कसं? पाण्याला वाट नसली की मोटरवर भार येतो, ती जास्त करंट ओढते. तो वाढलेला करंट ओळखून डबी पंप थांबवते. किती करंटला थांबायचं हे आधी शिकवावं लागतं, आणि इथेच नवखे फसतात. हद्द खाली ठेवली तर धार चालू असतानाच पंप मध्ये थांबतो. वरच्या मजल्यावर ब्रश कोरडा घासला जातो. हद्द फार वर ठेवली तर कॉक बंद असूनही पंप ढकलत राहतो आणि कुठलातरी सांधा निसटतो. शिवाय एकदा लावलेली हद्द कायमची नसते. जानेवारीच्या सकाळी नळी ताठ असते. एप्रिलमध्ये फरशीवर तापलेली नळी मऊ पडून फुगते, आणि तोच दाब वेगळा वागतो. जोडीतला मोठा म्हणाला, "उन्हात नळी बदलते, मग आकडा पण बदलायला लागतो."

फुगलेल्या नळीचा आणखी एक गुण आहे. पंप थांबला तरी आत दाबलेलं पाणी थोडा वेळ येतच राहतं. वाडीत सुपारीला पाणी लावणारा माणूस आळं पुरतं भरायच्या आधीच दारं मोडतो, कारण पाटातलं पाणी अजून पोहोचायचं असतं. काच धुणाराही तसाच खिडकी संपायच्या जरा आधी कॉक फिरवतो.

उंचीचा हिशेब मात्र मी समजत होतो तितका मोठा नाही. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण एक बार दाब पुरतो, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या त्याच्या आतच. दाब खाते ती लांब, बारीक नळी आणि तिचे वेटोळे. त्यामुळे ट्रॉली हलवण्याचा कंटाळा करून नळी सगळी सोडली की वरची धार मेल्यासारखी होते, आणि माणूस आकडा वाढवतो. नळी गुंडाळून ट्रॉली जवळ आणली असती तर वाढवावा लागला नसता.

आता हात. आधी वरची चौकट आणि रबराची पट्टी धुवायची, कारण तिथली घाण नंतर काचेवर ओघळते. मग काच फक्त ओली करायची, मंद धारेने, आणि पुढच्या खिडकीकडे जायचं. मीठ घासून निघत नाही, विरघळून निघतं. त्याला पाण्यापेक्षा वेळ जास्त लागतो. परत येऊन घासायचं, मिनिटाला दीड लिटरच्या आसपास. शेवटी धार थोडी वाढवून वरून खाली खंगाळायचं. काचेवर पाणी पडद्यासारखं पसरत असेल तर ते लवकर आटोपतं. थेंब-थेंब होऊन पळत असेल तर खंगाळायला जास्त द्यावं लागतं.

"दादा, पानी वाढवू का?" धाकट्याने वरची खिडकी घासताना विचारलं.

"नको. ब्रश सावकाश फिरव."

दीड लिटरने २५ लिटरची टाकी सोळा-सतरा मिनिटं पुरते, तीन लिटरने आठ. घाईत माणूस पाणी वाढवतो आणि मग वाचलेला वेळ टाकी भरायला गाडीपर्यंत चालण्यात घालवतो. मी पाहत होतो तोवर मोठ्याने आकडा खंगाळतानाच वर नेला, आणि प्रत्येक वेळी आठवणीने परत खाली आणला. मला वाटतं, या कामातलं खरं कौशल्य त्या परत खाली आणण्यातच आहे.

मागची बाजू उरली होती तेव्हा मोठ्याने टाकीत विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएसचं मीटर बुडवलं. सकाळी शून्य होतं, आता १४. घराची राखण करणाऱ्या काकांनी विहिरीचा नळ दाखवला, म्हणाले, तेवढं याच्यानेच मारा. त्याने मानेनेच नाही म्हटलं, दांडा आत सरकवला आणि धाकट्याला सांगितलं की रेझिन बदलून उद्या सकाळी पुन्हा यायचं, या बाजूच्या चार खिडक्या तेवढ्या राहिल्यात.