आपल्या ओळखीची किल्ली कोणाच्या हातीं?

शाळा सोडल्याचा दाखला तुमच्या नित्य परिचयाचा आहे. या साध्या कागदांत तीन पक्षांचा संबंध येतो: दाखला देणारी शाळा, तो जवळ बाळगणारा विद्यार्थी आणि तो पाहून प्रवेश देणारें कॉलेज. तो कोणास दाखवावा हें विद्यार्थी स्वतः ठरवितो. त्यासाठीं त्यास शाळेची परवानगी मागावी लागत नाहीं.

इंटरनेटवर मात्र हें स्वातंत्र्य बरेंच संकोच पावलें. तेथें पुष्कळ ठिकाणीं एखाद्या बड्या कंपनीच्या खात्यावरूनच आपली ओळख पटवितात. आपण कोठकोठें जातों हें त्या कंपनीस कळतें. आणि तिनें खातें बंद केलें, तर तीं सारीं दारें एकदम बंद होतात. ही स्थिति पालकांनींही विचारांत घेण्याजोगी आहे.

यावर योजिलेला उपाय म्हणजे विकेंद्रित ओळख. हींत प्रत्येकाजवळ अंकरूपी किल्ल्यांची एक जोडी असते. एक गुप्त, दुसरी जाहीर. गुप्त किल्लीनें केलेली सही जाहीर किल्लीनें तपासतां येते, परंतु जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणें व्यवहारतः अशक्य असतें. शाळेनें दाखल्यावर अशी सही केली, म्हणजे त्यांतील एक अक्षर जरी कोणीं बदललें, तरी सही जुळत नाहीं. कांहीं पद्धतींत तर जन्मतारीख न सांगतां, वयास १८ वर्षें पूर्ण झालीं आहेत, एवढेंच सिद्ध करतां येतें. कागदाच्या दाखल्यास हें कधींच साधलें नसतें!

परंतु एकाची सही दुसऱ्याच्या यंत्रास वाचतां न आल्यास या चातुर्याचा उपयोग काय? म्हणून समान नियम हवेत, आणि ते परस्परांच्या प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र बसून ठरवावे लागतात. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९४ सालीं स्थापिलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेंत हें काम चालतें. पडताळतां येणाऱ्या दाखल्यांचा नमुना तेथें २०१९ सालीं मान्य झाला. पुढें विकेंद्रित ओळखखुणेचा मसुदा आला, तेव्हां मात्र गूगल, ॲपल व मोझिला यांनीं रीतसर हरकत घेतली. खुणेचें बाह्य रूप एक ठरलें होतें. पण तिच्यावरून जाहीर किल्ली शोधण्याच्या पद्धती १०० हून अधिक नोंदल्या गेल्या होत्या, व त्यांपैकीं एकही सर्वांवर बंधनकारक नव्हती. पाकिटावर पत्ता कसा लिहावा यावर एकमत व्हावें आणि टपाल मात्र गांवोगांव निराळें असावें, तसेंच हें झालें. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, एकच पद्धत आतांच लादल्यास सत्ता पुनः एका हातीं जाईल. ३० जून २०२२ रोजीं हरकती फेटाळल्या गेल्या व १९ जुलैस नियम मान्य झाला. परंतु पुढील काळांत पद्धतींचेंही प्रमाणीकरण करावें, असें त्या मंडळीस सुचविण्यांत आलें. हरकत घेणारे अगदींच चुकले होते, असें मला वाटत नाहीं.

दाखल्यांच्या नमुन्याची दुसरी आवृत्ति मे २०२५ मध्यें मान्य झाली. तथापि एक अडचण नियमांनीं सुटण्याजोगी नाहीं. कागद हरवला, तर शाळेच्या कचेरींत अर्ज करून दुय्यम प्रत मिळते. गुप्त किल्ली हरवली आणि तिची कोठेंच सोय करून ठेवलेली नसली, तर अर्ज कोणाकडे करावयाचा? विश्वासू आप्तांकडे तिचे अंश वांटून ठेवण्याची एक युक्ति आहे. पण ते आप्त निवडण्याचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें.