दोनशे रुपयांचे वाटेकरी

बाजार बंद झाला की संध्याकाळी ब्रोकरकडून ईमेलवर एक पीडीएफ येते. पासवर्ड म्हणून पॅन नंबर टाकला की ती उघडते, आणि तेवढाही कंटाळा येतो म्हणून बहुतेक जण ती उघडतच नाहीत. ॲपवर हिरव्या अक्षरांत नफा दिसलेला असतो, मग काँट्रॅक्ट नोट कशाला बघायची? माझं मत उलट आहे. शेअर बाजारावरच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा ही पीडीएफ रंजक असते.

समजा, सुरतेच्या उत्तरेला, तापीपलीकडे अमरोलीला लागून असलेल्या कोसाडमध्ये कुणी मोबाइलवर सौदा केला. ५०० रुपयांचे २०० शेअर घेतले आणि तासाभरात ५०१ ला विकले. त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, म्हणजे इंट्राडे सौदा असल्यामुळे खिशातून एक पंचमांश, म्हणजे वीसेक हजार रुपयेच अडकले. उलाढाल मात्र येताना एक लाखाची आणि जाताना एक लाख दोनशेची. नफा दोनशे.

आता पीडीएफ उघडू. दलाली, दोन ऑर्डरींचे वीस-वीस मिळून ४० रुपये. विक्रीवर ०.०२५ टक्का एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, २५ रुपये. एक्स्चेंजचं व्यवहार शुल्क लाखामागे तीन रुपयांच्या आसपास, म्हणून दोन्हीकडचं मिळून सहा. खरेदीवर मुद्रांक शुल्क तीन रुपये. बाजाराची नियामक संस्था सेबी, तिची फी वीस पैसे. मग १८ टक्के जीएसटी, आठ रुपये आणि वर थोडे पैसे. बेरीज साडेब्याऐंशी. दोनशेतले साधारण ११७ हातात राहिले.

ही रक्कम कुठे कुठे गेली ते बघण्यासारखं आहे. एसटीटी दिल्लीला गेला. पी. चिदंबरम अर्थमंत्री असताना १ ऑक्टोबर २००४ पासून तो लागू झाला, आणि सौद्यात नफा होवो की तोटा, तो द्यावाच लागतो. व्यवहार शुल्क वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनएसईकडे गेलं. सेबीचं मुख्यालयही त्याच संकुलात आहे. तिची फी कोटीला दहा रुपये, म्हणून आपल्या सौद्यात वीस पैसे, आणि त्या वीस पैशांवरसुद्धा साडेतीन पैसे जीएसटी! जीएसटी फक्त सेवांच्या मोबदल्यावर लागतो, एसटीटीवर किंवा मुद्रांकावर नाही.

मला सगळ्यात गंमत वाटते ती मुद्रांकाच्या तीन रुपयांची. सर्व्हर मुंबईत, ब्रोकर कदाचित बंगळुरूचा, शेअर विकणारा कोण नि कुठला ते कधीच कळणार नाही. तरी ते तीन रुपये गांधीनगरला पोचतात. १ जुलै २०२० पासून देशभर एकच दर आहे आणि शुल्क मिळतं ते खरेदीदार राहतो त्या राज्याला. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्टेशनातून गुजरात-महाराष्ट्राची सीमा जाते. घेणाऱ्याचा पत्ता त्या रेषेच्या अलीकडचा की पलीकडचा, यावर ते तीन रुपये गांधीनगरला जाणार की मुंबईला हे ठरतं.

म्हणजे ब्रोकर बदलून वाचवण्यासारखं काय, तर ४० रुपये आणि त्यावरचा जीएसटी. बाकी ३५ रुपये कुणाकडेही गेलात तरी तेवढेच. आणि इथेच ‘वीस रुपये फ्लॅट’ या जाहिरातीतली खरी मेख आहे. पूर्ण वाक्य असं असतं: वीस रुपये किंवा अमुक टक्के, यांतलं जे कमी असेल ते. झेरोधा या ब्रोकरकडे इंट्राडेला तो टक्का ०.०३ आहे. काही ब्रोकरांकडे ०.१ आहे, वर किमान आकारही असतो. दर बदलत राहतात, पण हिशोब करायची रीत बदलत नाही. ०.०३ टक्क्याने वीस रुपये व्हायला ऑर्डर ६६,६६७ रुपयांची लागते. ०.१ टक्क्याने वीस हजारांतच वीस रुपये होतात. दहा हजारांची ऑर्डर टाकणाऱ्याला एकीकडे तीन रुपये पडतात, दुसरीकडे दहा. दोन्ही जाहिरातींत मात्र ठळक अक्षरांत वीसच छापलेले.

आता हाच माणूस एक लाखाचा माल सावधपणे पाच तुकड्यांत, वीस-वीस हजारांच्या ऑर्डरींनी घेतो असं धरा. पहिल्या ब्रोकरकडे सहा-सहा करून तीस रुपये, दुसऱ्याकडे शंभर. एकदम घेतला असता तर दोन्हीकडे वीसच. आकार ऑर्डरवर असतो, सौद्यावर नाही. तुमची एक ऑर्डर दहा वेगवेगळ्या विकणाऱ्यांकडून भरली गेली तरी ती एकच धरली जाते. उलट लाखाच्या जागी पाच लाखांची ऑर्डर टाकणाऱ्याला दोन्ही बाजू मिळून खर्च सुमारे २२४ रुपये येतो आणि त्यात दलाली व तिचा जीएसटी ४७ रुपये, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. मोठ्या सौदेबाजाने ब्रोकरांचे दर तुलनेला घेऊन बसण्यात फारसा अर्थ उरत नाही. छोट्याने मात्र जरूर बसावं.

ठरावीक रकमेची ही दलाली नवी आहे. मुंबईच्या शेअर दलालीतलं पहिलं मोठं नाव प्रेमचंद रायचंद यांचं, आणि त्यांचा जन्म सुरतेचा, १८३१ चा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहिला, शेअरांचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली, तीच पुढे बीएसई झाली. त्या जगात दलाली सौद्याच्या रकमेवर, टक्क्याने. सेबीची अडीच टक्क्यांची कमाल मर्यादा अजूनही कागदावर आहे, म्हणजे एका लाखावर अडीच हजार! नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसईवर शेअरांचे सौदे पडद्यावर सुरू झाले आणि दलालाने रिंगणात उभं राहून ओरडायची गरज संपत गेली. एक लाखाची ऑर्डर आणि एक कोटीची ऑर्डर, संगणकाला काम सारखंच. मग पैसे सारखे का नकोत, हा प्रश्न २०१० मध्ये झेरोधाने धंद्यात उतरवला.

डिसेंबर २०१५ मध्ये झेरोधाने डिलिव्हरीवरची, म्हणजे शेअर त्याच दिवशी न विकता ठेवून घेण्यावरची दलाली शून्यावर आणली आणि इतरांनाही मागे यावं लागलं. शून्य म्हणजे फुकट असं वाटतं ना? आपलेच २०० शेअर तासाभरात न विकता दोन-चार दिवसांनी, त्याच ५०१ ला विकून बघा. डिलिव्हरीत एसटीटी खरेदी-विक्री दोन्हीवर ०.१ टक्का, म्हणजे २०० रुपये. मुद्रांक १५. डीमॅटमधून शेअर बाहेर काढल्याचे डीपी चार्जेस जीएसटीसह साधारण १५. एक्स्चेंज वगैरे धरून बेरीज २३८ च्या घरात. दलाली शून्य, नफा दोनशे, आणि पदरात ३८ रुपयांचा तोटा. डीपी चार्जेस दर विक्रीच्या दिवशी, दर कंपनीमागे एकदाच लागतात. एक शेअर विका की हजार. चार दिवसांत थोडे थोडे विकणारा ते चारदा भरतो.

शून्य दलालीचा खर्च मग निघत कुठून होता? काही अंशी एक्स्चेंजच्या दरांतून. उलाढाल जास्त तर एक्स्चेंज ब्रोकरकडून कमी दराने शुल्क घेई, ब्रोकर ग्राहकाकडून वरच्या दराने घेई, मधला फरक त्याचा. सेबीने १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना एकच दर लावायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात एंजल वन या ब्रोकरने डिलिव्हरीवर दलाली सुरू केली.

कोसाडच्या आपल्या सौदेबाजाकडे परत येऊ, कारण त्याने एकच सौदा करून मोबाइल खाली ठेवलेला नाही. दिवसाला असे पाच फेरे, वर्षात बाजार उघडा असणारे २४५ दिवस. साडेब्याऐंशीच्या हिशोबाने खर्च एक लाखाच्या वर जातो. अडकवलेलं भांडवल होतं वीस हजार. म्हणजे नुसतं जागेवर राहायलासुद्धा त्याला भांडवलाच्या पाचपट कमवायला हवेत. सेबीने २०२२-२३ मधल्या इंट्राडे सौद्यांचा अभ्यास केला तेव्हा दहापैकी सात जण तोट्यात निघाले, आणि वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत ऐंशी टक्के. तोट्यातल्या लोकांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के इतकी रक्कम व्यवहार खर्चात घातली होती.

आणि ज्या खर्चाचा रकाना काँट्रॅक्ट नोटमध्येही नसतो, तो वेगळाच. ५०० च्या शेअरचा भाव पाच-पाच पैशांनी हलतो. घाईत मार्केट ऑर्डर टाकली आणि दोन पायऱ्या वरचा भाव लागला, तर २०० शेअरांवर वीस रुपये गेले. नेमकी एका ऑर्डरची दलाली. ज्या वीस रुपयांसाठी चार ॲप तपासली, ते लिमिट ऑर्डर टाकायचा कंटाळा केला म्हणून गेलेले असतात.

जाता जाता, डीपी चार्जेसमधला एक बारकावा. ते पूर्णपणे ब्रोकरचे नसतात. डीमॅट खातं लोअर परळच्या सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असेल तर त्यांतले साडेतीन रुपये तिचे असतात, आणि खात्यावर पहिलं नाव बाईचं असेल तर सीडीएसएल त्यातून पंचवीस पैसे सोडतं.