घरच्या नावेचे छत

स्वतःच्या हातांनी शिडाची नाव बांधून समुद्रात उतरणाऱ्यांची परंपरा इंग्लंड-अमेरिकेत चांगली रुजली आहे. जेम्स व्हॅरम यांनी स्वतः बांधलेल्या ‘तांगारोआ’ या जोडनावेतून 1955-56 मध्ये अटलांटिक ओलांडला आणि पुढे हौशी बांधणाऱ्यांसाठी नकाशे काढले. 1966 मध्ये डेरेक केल्सल यांची ‘टोरिया’ राउंड ब्रिटन शर्यतीत पहिली आली. तिचे अंग फोमच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी फायबरग्लास चढवून केले होते. मिशिगनच्या गूजन बंधूंनी लाकूड आणि इपॉक्सी राळ यांची जोडी घरगुती बांधणीत आणली. आपल्याकडे गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ‘म्हादेई’ही लाकडी गाभ्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सी चढवलेली, दिलीप दोंदे 2009-10 मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

या साऱ्या बांधणीत केबिनच्या छताची पाळी उशिरा येते. तोवर पैसा आणि उमेद दोन्ही आटलेले असतात. मग छत पायाखाली लवू लागले की ‘फायबरग्लासचे आणखी दोन थर चढवू’ हा सोपा उपाय सुचतो.

तो चुकीचा आहे. छताचे प्रत्येक किलो वजन नावेच्या गुरुत्वमध्याच्या बरेच वर बसते आणि तिला कलंडायला मदत करते. शिवाय पातळ छत वाकते ते मुळात जाडी नसल्यामुळे. तेच फायबरग्लास दोन पापुद्र्यांत वाटून मध्ये हलका गाभा घातला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर कडकपणा सुमारे सातपट होतो. चौपट जाडीला सुमारे सदतीसपट. वजन मात्र किंचितच वाढते. त्यात छताला मधोमध थोडा बाक दिला की पाणी ओघळून जाते आणि ताठपणाही वाढतो.

छताची खरी परीक्षा मात्र भोकांपाशी होते. धक्क्यावरून उडी मारणाऱ्याचे वजन, अंगावर फुटणारी लाट, हातकठड्याला बसणारा हिसका हे सारे शेवटी बोल्टवर येते. नुसत्या फोममधून बोल्ट आवळला की गाभा चिरडतो, फट पडते, पाणी आत शिरते. गाभा बाल्सा लाकडाचा असेल तर तो कुजतो. म्हणून आधी मोठे भोक पाडावे, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून पापुद्र्यांमधला फोम चहूबाजूंनी खरवडून काढावा, पोकळीत घट्ट केलेली इपॉक्सी भरावी, ती पक्की वाळू द्यावी आणि मगच बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. खाली रुंद पट्टी हवीच. डोलकाठी छतावर उभी राहणार असेल तर तिचा भार खालच्या खांबावाटे थेट तळाकडे उतरवावा लागतो. छताच्या जोरावर ती सोडू नये. खिडक्यांचे कोपरे गोलच ठेवावेत, कारण काटकोनातूनच तडा सुरू होतो.

रंग पांढरा द्यावा. घरच्या तापमानाला वाळवलेल्या अनेक इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात आणि गडद छत कडक उन्हात तेवढे तापते.

नाव बांधायला घेणाऱ्यांनी छताआधी त्याच फोमची, त्याच कापडाची फूटभर रुंद पट्टी करावी, केबिनच्या रुंदीएवढ्या अंतरावर दोन टेकू द्यावेत आणि तिच्यावर स्वतः उभे राहून पाहावे. ती लवली, तर गाभा जाड करावा आणि मगच छताला हात घालावा.