साथीची पहिली पायरी पोल्ट्रीत

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतल्या सुधारणा 19 सप्टेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि ‘महामारी आणीबाणी’ ही इशाऱ्याची नवी, सर्वांत वरची पायरी तयार झाली. चर्चा सगळी त्या वरच्या पायरीचीच. मला काळजी वाटते ती खालच्या पायऱ्यांची.

स्वाइन फ्लूच्या वेळी, 2009 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेचे सहा टप्पे होते. 27 एप्रिलला चौथा, 29 एप्रिलला पाचवा, 11 जूनला सहावा. विषाणू किती पसरला एवढंच ते सांगत. आजार किती जिवावर बेतेल, हे नाही. सहावा टप्पा जाहीर होऊन साडेसात आठवडे उलटले आणि 3 ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, दुकानांतले मास्क संपले, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. इशारा वेळेवर आला होता, पण गल्लीपर्यंत पोचलाच नव्हता. 2013 मध्ये सहाचे चार टप्पे झाले आणि प्रत्येक देशाने आपला धोका आपण जोखावा असं ठरलं. ते योग्यच झालं.

पण जोखायचा कुठे? पोल्ट्रीच्या शेडपासूनच. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. शेडमध्ये मरतूक वाढली तेव्हा पोल्ट्रीवाले म्हणत होते, ही राणीखेत आहे, कोंबड्यांचा नेहमीचा रोग. त्यांना दोष देववत नाही. राणीखेतीवर लस आहे, धंदा चालू राहतो. बर्ड फ्लूचा शिक्का बसला की आजच्या नियमाने एक किलोमीटरच्या परिघातला प्रत्येक पक्षी मारायचा. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले कर्मचारी एकेक कोंबडी पकडतात, माना मुरगाळतात, खड्ड्यात टाकून वर चुना पसरतात. अंडी आणि खाद्यही नष्ट करायचं. मग कित्येक महिने शेड रिकामी, बँकेचा हप्ता मात्र चालू.

म्हणूनच कोंबड्यांची नुकसानभरपाई हा पशुसंवर्धनाचा नव्हे, माणसांच्या आरोग्यावरचा खर्च आहे, असं माझं ठाम मत आहे. पैसे पुरेसे आणि लवकर मिळतील असा भरवसा असेल, तर दहा पक्षी मेले की लगेच शेतकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करील. नसेल, तर उरलेला माल रातोरात टेम्पोत भरेल.

बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू आता कोंबड्यांपुरता राहिलेला नाही. मार्च 2024 मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंमध्ये तो आढळला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत निदान झालं एच5एन1. माणसामाणसांत तो अजून सहज पसरत नाही, आणि नेमका हाच तयारीचा काळ आहे. जिल्ह्याजिल्ह्यात भरपाईचा निधी आधीच हाताशी हवा. प्रत्येक शेडच्या दारावर दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: मरतूक कळवायचा फोन नंबर आणि एका पक्ष्यामागे मिळणारी रक्कम.