एक सत्र परमुलखात

जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेला कुठून कुठून माणसं येतात. पण तिथल्याच वाडी रत्नागिरीतून शिवाजी विद्यापीठात शिकायला येणारी मुलगी ‘एक सत्र दुसऱ्या विद्यापीठात शिकून येते’ म्हणाली, तर घरात पहिला प्रश्न निघतो : वर्ष तर वाया जाणार नाही ना?

याचं उत्तर श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये आहे. साधारण 30 तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक आणि एका सत्राला सुमारे 20 श्रेयांक, असा राष्ट्रीय आराखड्याचा हिशेब आहे. 2021 साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी त्यांची बँक सुरू झाली. खातं विद्यार्थ्याचं, भरणा मात्र शिक्षणसंस्थाच करते. त्यासाठी दोन्ही संस्था या बँकेत नोंदलेल्या हव्यात. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक मिळवावेच लागतात.

म्हणून निघण्याआधी तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, हे आपल्या विभागाकडून लेखी घ्या. शुल्क, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. यात्रेत घरच्या दुकानाला मुलीचा हात लागत असेल, तर पावसाळ्यात सुरू होणारं सत्र निवडा. तोंडी होकारावर मात्र गाडीत बसू नका. वर्ष वाया जातं ते तिथंच.