"फक्त चिठ्ठी लिहून द्या, डॉक्टर!"

आठवडे बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. भाजीची पिशवी बाकाखाली सारून एखाद्या काकू दारातूनच सांगतात, "डॉक्टर, तपासायचं काही नाही. फक्त मागची चिठ्ठी परत लिहून द्या. मेडिकलवाला ऐकत नाही." तो दरवेळी नवी चिठ्ठी मागतो आणि वहीत नाव लिहितो, याचा त्यांना राग असतो. "आम्ही काय चोर आहोत का?" असेही कोणी म्हणून जाते.

हा राग मला समजतो. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून एस.टी.ने यायचे, दिवस मोडायचा आणि कशासाठी, तर त्याच गोळीसाठी! पण ही महिन्याची चिठ्ठी नसली तर काय होते, ते मी एकदा पाहिले आहे. त्यात चूक माझीच होती, म्हणून ती हकीकत आधी सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

एक निवृत्त शिक्षिका होत्या. यजमान अचानक गेले आणि बाईंची झोप उडाली. मी अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी रात्री घेण्यासाठी लिहून दिली. मनात पंधरा दिवस होते, पण चिठ्ठीवर मुदत लिहायची राहिली. बाईंना झोप लागली, त्यामुळे त्या पुन्हा आल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. तीच चिठ्ठी घडीघडीवर फाटेपर्यंत दुकानात चालत राहिली. काही वर्षांत पावाची गोळी अर्ध्यावर गेली, पुढे दिवसातून तीनदा झाली.

२०१४ साली नियम कडक झाले आणि दुकानदाराने जुन्या चिठ्ठीवर गोळी देणे बंद केले. त्यात त्याचे काही चुकले नाही. पण नवी चिठ्ठी मागायला बाईंना संकोच वाटला. "या वयात गोळीची सवय लागली, असं डॉक्टरांना कसं सांगू?" दुसऱ्या दिवशी हाताला कापरे भरले, घाम सुटला, छातीत धडधड सुरू झाली. तिसऱ्या रात्री त्यांना फिट आली. मुलाने जीपमध्ये घालून आणले. त्या वाचल्या, नंतर आठ-नऊ महिन्यांत गोळीही सुटली. पण तेव्हापासून मुदत न लिहिता मी चिठ्ठी दिलेली नाही.

नियम कशासाठी?

औषधांच्या कायद्यात याद्या आहेत. साधी चिठ्ठीची औषधे "एच" यादीत मोडतात. १ मार्च २०१४ पासून "एच-१" ही नवी यादी लागू झाली. सुरुवातीला तीत ४६ औषधे होती. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही त्यातली आपल्या ओळखीची नावे. क्षयरोगाची काही औषधे आणि काही भारी प्रतिजैविकेही त्यात आहेत. या औषधांसाठी दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि ते किती दिले हे त्यात लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. त्याने तुमचे नाव लिहिले तर तो संशय नव्हे. तो कायदा पाळतो आहे.

त्याहून कडक यादी "एक्स". अतिचंचल मुलांना देतात ते मिथाइलफेनिडेट त्यात येते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षे ठेवतो. या सगळ्यांवर १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. मॉर्फीन त्यात आहे, अल्प्राझोलामही आहे. २०१८ साली ट्रॅमाडॉलचाही त्यात समावेश झाला.

एवढा बंदोबस्त का? नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात अल्प्राझोलामची गोळी "कुत्ता गोळी" या नावाने नशेसाठी विकली जाते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. जी गोळी एका घरात झोप देते, तीच दुसऱ्या घरातला मुलगा बिघडवते. नियम त्या दुसऱ्या घरासाठी आहेत. त्यांचा काच मात्र पहिल्या घराला बसतो. तो कमी कसा करायचा, हे आपल्या हातात आहे.

चिठ्ठी कशी असावी?

चिठ्ठीवर रुग्णाचे नाव व पत्ता, तारीख, औषधाचे नाव, मात्रा, एकूण किती गोळ्या, किती दिवस, आणि डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक असावा. यांतले काही राहिले असेल तर दवाखाना सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावणार नाही. रागावलो तरी सांगा.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. नियमानुसार चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते. डॉक्टरने "इतक्या वेळा, इतक्या दिवसांनी द्यावे" असे लिहिले असेल तरच ते पुन्हा देता येते. दिल्यावर दुकानदाराने चिठ्ठीवर दुकानाचे नाव व तारीख नोंदवायची असते. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर हक्क सांगून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

फोनवरून काम भागेल का, असेही विचारतात. २०२० च्या टाळेबंदीच्या सुरुवातीला सरकारने फोनवरच्या उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मॉर्फीन, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे फोनवरून लिहून देण्यास मनाई केली. तेव्हा "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा ना" याला आमचा नकार असतो, तो आडमुठेपणा नव्हे.

एकदम तोडू नका

झोपेच्या आणि चिंतेच्या या गोळ्या खरे तर दोन ते चार आठवड्यांसाठी असतात. रोज घेतल्या तर मेंदूला त्यांची सवय होते. मग गोळी अचानक थांबली की आधीच्या दसपट अस्वस्थता येते, आणि बाईंसारखी फिटही येऊ शकते. म्हणून हा लेख वाचून कोणी आज रात्रीपासून गोळी बंद करू नये. दर दोन-चार आठवड्यांनी थोडी थोडी मात्रा उतरवत न्यायची असते. वर्षानुवर्षांची सवय असेल तर त्याला महिने लागतात. उतारवयात या गोळ्यांनी तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो, रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडते. त्यामुळे त्या सुटल्या तर चांगलेच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अपस्माराच्या म्हणजे फिट्सच्या रुग्णाचे उलटे असते. फेनोबार्बिटोनसारखी गोळी त्याने चुकवायचीच नसते. एक-दोन दिवसांचा खंडही महागात पडतो.

मॉर्फीनसाठी पुण्याची वारी

भिगवणकडचे एक शेतकरी. आयुष्यभर तंबाखूची मळी, शेवटी गालाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, विजेचा शेक झाला, तरी रोग परतला. रात्रभर कण्हणे घरातल्या पोरांनाही ऐकू जाई. तोंडाने घ्यायच्या मॉर्फीनच्या गोळ्या इथल्या दुकानांत मिळेनात. मुलाला पुण्याला पाठवले, तर त्याने दारातच विचारले, "डॉक्टर, म्हणजे अफूच ना? वडिलांना सवय लागली तर? का ही शेवटची गोळी?"

मॉर्फीन अफूपासूनच बनते. रडक्या पोराला अफूचा कण चाटवून निजवण्याची जुनी घातक चाल आपल्या आज्यांनी पाहिली आहे. भीती तिथून आली असावी. पण कर्करोगाच्या वेदनेवर मोजून दिलेले मॉर्फीन नशेसाठी नसते आणि त्याने मरण ओढवत नाही. गोळी घड्याळ लावून, साधारण दर चार तासांनी घ्यायची. दुखण्याची वाट बघायची नाही. बद्धकोष्ठ हमखास होते, म्हणून जुलाबाचे औषध सोबत रोज लागते. ते शेतकरी पहिल्या आठवड्यातच रात्री झोपू लागले. पुढचे चार महिने त्यांनी अंगणात बसून नातवंडांशी बोलत काढले.

आपल्या देशात कायद्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या कायद्यानंतर बारा वर्षांत वैद्यकीय मॉर्फीनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. परवान्यांच्या धास्तीने दुकानांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. मॉर्फीनसह सहा औषधे "अत्यावश्यक" ठरली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता असलेली संस्था ती ठेवू शकते. मात्र तिथे वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. मुंबईला टाटा रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते.

बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. वेदनेने तळमळणारा माणूस हा प्रवास दर महिन्याला कसा करणार? बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या गावी एखादा डॉक्टर प्रशिक्षित झाला आणि एका रुग्णालयाने मान्यता घेतली, तर किती कुटुंबांची ही फरफट वाचेल! लोकप्रतिनिधींकडे रस्ता मागताना हेही मागायला हवे.

खंड पडू नये म्हणून

१) शेवटची गोळी संपायची वाट पाहू नका. सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की दवाखान्यात या.

२) भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या चिठ्ठीच्या तारखेला खूण करा. दिवाळी आणि डॉक्टरांची सुट्टी आधीच विचारात घ्या. पालखीच्या दिवसांत आपल्याकडचे रस्ते बंद असतात, हेही ध्यानात ठेवा. स्वतः वारीला जाणार असाल तर तेवढ्या दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत घ्या.

३) बीड-नगरकडून येणाऱ्या ऊसतोड बांधवांनी गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी व रिकामे पाकीट आणावे. फिट्सचा रुग्ण सोबत असेल तर मुकादमाला तसे सांगून ठेवावे.

४) एकच डॉक्टर, शक्यतो एकच दुकान ठेवा. पावती मागून घ्या.

५) पुण्याच्या केंद्रात पहिल्याच भेटीत विचारा: पुढच्या वेळी रुग्णाऐवजी नातेवाईक आला तर चालेल का, आणि कोणते कागद लागतील?

६) या गोळ्या कुलपात ठेवा. आजोबांची गोळी आजीला देऊ नका. रुग्ण गेल्यावर उरलेले मॉर्फीन केंद्राला परत करा.

त्या बाई आजही अधूनमधून येतात, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. मी चिठ्ठी लिहायला घेतली की विचारतात, "डॉक्टर, किती दिवसांची ते लिहिलंत ना?" मी कागद त्यांच्यापुढे धरतो. त्या चष्मा लावून वाचतात आणि मगच घडी घालतात. तुम्हीही तसेच करत जा.