गादी गेली, राजा उरला

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी चीनमधली सम्राटशाही संपली. सम्राट पुयीला सहा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. राजत्यागाचे फर्मान त्याच्या वतीने राजमाता लोंगयू यांनी काढले. पावणेतीन वर्षांचा असताना त्याला गादीवर बसवले, तेव्हाही त्याला कोणी विचारले नव्हते.

पुयीच्या छिंग घराण्याला घरघर आधीच लागली होती. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर परकीय सत्तांनी ४५ कोटी टेल चांदीचा दंड लादला होता. मे १९११ मध्ये सरकारने प्रांतांतल्या लोकांनी पैसा घातलेले रेल्वेमार्ग ताब्यात घेतले आणि ते बांधायला परदेशी बँकांकडून कर्ज उचलले. सिचुआन प्रांत पेटला. हूबे प्रांतातले सैन्य तिकडे धाडले गेले आणि १० ऑक्टोबरला हूबेतल्याच वुचांगमध्ये शिपायांनी बंड केले. प्रांतामागून प्रांत फुटले. दरबाराने तारणहार म्हणून बोलावलेल्या सेनानी युआन शिकाईने दोन्ही बाजूंशी बोलणी केली आणि राजत्यागाच्या बदल्यात प्रजासत्ताकाचे अध्यक्षपद पदरात पाडून घेतले.

या सौद्यात राजासाठी आठ कलमे होती. पदवी कायम राहील, परदेशी राजाला द्यावा तसा मान मिळेल, वर्षाला ४० लाख टेल तनखा मिळेल आणि तूर्त निषिद्ध नगर या राजवाड्यातच राहता येईल. रक्तपात टळला, म्हणून या तडजोडीचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. पण तिची किंमत त्या मुलाने मोजली.

भिंतीबाहेर प्रजासत्ताक होते; आत अजूनही मुजरे झडत, खोजे राबत आणि पुयीच्या नावाचा शक चाले. खोज्यांना फटके मारायला लावण्याचा अधिकार या मुलाला होता. त्याला थोडाफार आवर घालणारी दाई तो आठ वर्षांचा असताना वाड्याबाहेर काढली गेली. १९१७ च्या जुलैत सेनापती चांग शुनने त्याला पुन्हा गादीवर बसवले. तो खेळ १२ दिवसांत आटोपला. १९१९ मध्ये रेजिनाल्ड जॉन्स्टन हे स्कॉटिश शिक्षक आले. पुयीने शेंडी कापली, चष्मा लावला आणि सायकल नीट चालवता यावी म्हणून वाड्यातले उंच लाकडी उंबरठे कापवले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कोणी हात लावला नव्हता, ते उंबरठे एका पोराच्या हौसेपायी गेले.

तनखा थकू लागला. वाड्यातल्या मौल्यवान वस्तूंना पाय फुटले. खुद्द पुयीनेही जुनी चित्रे आणि हस्तलिखिते बक्षिसाच्या नावाखाली धाकटा भाऊ पुजे याच्याकरवी बाहेर काढली. ५ नोव्हेंबर १९२४ रोजी सेनापती फंग यूशियांगच्या सैनिकांनी त्याला काही तासांच्या मुदतीत वाडा सोडायला लावला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. हातात कसब नव्हते. होते ते फक्त राजाचे नाव. आणि त्या नावाला गिऱ्हाईक जपान होते. १९३२ मध्ये जपानने त्याला ईशान्य चीनमध्ये उभारलेल्या मांचुकुओ या बाहुल्या राज्याचा प्रमुख आणि १९३४ मध्ये सम्राट केले.

तिथल्या अत्याचारांच्या कागदांवर त्याची मोहोर आहे. त्या दोषातून त्याला सोडवता येणार नाही. पण त्या मोहोरेची किंमत १९१२ च्या कलमांनीच शाबूत ठेवली होती. जपान हरल्यावर सोव्हिएत रशियाची कैद आणि मग चीनमधला फुशुनचा तुरुंग भोगून डिसेंबर १९५९ मध्ये माफी मिळाल्यावर तो बीजिंगच्या वनस्पती उद्यानात कामाला लागला. राजत्यागानंतर साधा नागरिक व्हायला त्याला ४७ वर्षे लागली. राज्य काढून घेताना त्याचे राजेपणही काढून घेतले असते, त्याला शाळेत आणि चारचौघांत धाडले असते, तर चीनचे आणि त्याचेही भले झाले असते.